इफ्तारची साल, मातीचा घास

असरची नमाज आटोपली की रमजानमध्ये घरोघरी विळ्या-सुऱ्या बाहेर येतात. मगरिबच्या अजानला तास-दीड तास उरलेला असतो. एकीकडे भज्यांचे पीठ भिजवून ठेवलेले असते, दुसरीकडे कलिंगड, खरबूज, पपई, केळी, चिकू यांची थाळी सजत असते. दिवसभर पाण्याचा थेंबही न घेतलेल्या रोजेदारासाठी ती थाळी पाहणे हाच अर्धा गारवा. मात्र त्या थाळीशेजारी आणखी एक ढीग वाढत असतो, त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. कलिंगडाच्या जाड पाठी, पपईच्या साली, केळ्यांची टरफले, पुदिना-कोथिंबिरीच्या काड्या, सरबतासाठी पिळलेली लिंबे असे सगळे त्यात असते. थाळी दहा मिनिटांत रिकामी होते. ढीग मात्र एका काळ्या पिशवीत जातो. त्यातच समोशाचा तेलकट कागद, सहेरीच्या सालनातली हाडे, चहाचा चोथा आणि प्लास्टिकचे पेले कोंबले जातात, पिशवीला गाठ मारली जाते आणि ती गल्लीच्या तोंडाशी ठेवली जाते. तरावीह आटोपून लोक परततात, तोवर मांजरांनी आणि कुत्र्यांनी ती फाडलेली असते.

रमजान हा संयमाचा महिना. दोन वेळच्या जेवणाला आणि पाण्याला लगाम घालायचा, जिभेला आवर घालायचा, भुकेल्याची भूक स्वतःच्या पोटाने समजून घ्यायची, अशी या महिन्याची शिकवण आहे. मग याच महिन्यात घरातला ओला कचरा का वाढावा? याचे उत्तर अवघड नाही. संध्याकाळी सगळे कुटुंब एकत्र बसते, पाहुणे येतात, मशिदीत आणि शेजारी ताटे जातात, फळे अधिक येतात. यात गैर काहीच नाही. इफ्तार घडवणे हे पुण्याचे काम मानले जाते. प्रश्न आहे तो उरल्या-सुरल्याचे काय होते, याचा.

खाण्यापिण्याची मोकळीक देताना उधळपट्टीला मनाई करणारी आज्ञा पवित्र कुरआनच्या सूरह अल-आराफमध्ये (आयत ३१) आहे. या उधळपट्टीसाठी 'इसराफ' हा शब्द मुस्लिम घरांत लहानपणापासून कानावर पडतो. ताटात घास टाकला की दादी-नानी हाच शब्द उच्चारतात. प्रेषित मुहंमद (स.) यांनी वाहत्या नदीच्या काठी वुजू करतानाही पाणी जपून वापरायला सांगितल्याची हदीस सर्वपरिचित आहे. नदीला पाणी कमी नसते, तरीही जपायचे. म्हणजे प्रश्न वस्तू किती उपलब्ध आहे याचा नसून, हाती आलेल्या वस्तूशी माणूस कसा वागतो याचा आहे. हाच विचार कलिंगडाच्या सालीपर्यंत नेला, तर तो घरातल्या एका छोट्या पेटीपाशी येऊन थांबतो. ती पेटी म्हणजे गांडूळ खताची पेटी.

कचरा जातो कुठे?

पिशवी गल्लीतून उचलली गेली की घर स्वच्छ झाले, असे वाटते. खरे तर ती फक्त दुसऱ्या कोणाच्या दारात गेलेली असते. मुंबईतील देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेत आले आहे. त्याच्या कुशीला शिवाजीनगर, बैंगणवाडी या गोवंडीच्या वस्त्या आहेत. तिथे कष्टकरी मुस्लिम आणि दलित कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. जानेवारी २०१६ मध्ये या डोंगराला लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली. धूर मुंबईभर पसरला, परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. वस्तीतल्या लोकांना मात्र ना घर बंद करता आले, ना श्वास.

दुसरे उदाहरण मराठवाड्याचे. तेव्हाचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. नारेगावच्या डेपोत वर्षानुवर्षे शहराचा कचरा पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या आणि आसपासच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. पाणी खराब झाले, शेती खराब झाली, आता पुरे, असे त्यांचे म्हणणे होते. शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिटा इथे कचरा टाकण्यावरून दगडफेक आणि लाठीमार झाला. प्रश्न पुढे कित्येक महिने रेंगाळला. त्या वर्षीचा रमजान मे-जूनमध्ये, भर उन्हाळ्यात, याच काळात आला होता. त्या ढिगांना ना हिंदू मोहल्ला ओळखता येत होता, ना मुस्लिम मोहल्ला. दुर्गंधी सगळ्यांच्या खिडक्यांतून सारखीच आत येत होती.

ओला कचरा प्लास्टिकमध्ये बांधून ढिगाखाली दाबला की त्याला हवा मिळत नाही. हवेविना कुजताना त्यातून मिथेन वायू तयार होतो. तो पेट घेतो आणि पृथ्वीचे तापमानही वाढवतो. कुजताना सुटणारे काळे पाणी जमिनीत मुरते आणि विहिरीपर्यंत पोहोचते. तीच साल मोकळ्या हवेत, ओलाव्यात, जिवाणूंच्या आणि गांडुळांच्या ताब्यात दिली तर तिचे खत होते. वस्तू एकच, पण तिला कुठे आणि कशी ठेवली यावर ती विष होणार की माती, हे ठरते.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करून देणे हे प्रत्येक घराचे कर्तव्य ठरवण्यात आले. पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना १९९३ पासून काम करते. मिसळलेल्या कचऱ्यात हात घालून तो निवडणे म्हणजे काय, हे या कामातल्या बायकांइतके कोणालाच ठाऊक नाही. खजुराच्या बिया, हाडे, लहान मुलांचे डायपर आणि फुटलेली काच एकाच पिशवीत कोंबणाऱ्या घराने रोजा ठेवला असेल, पण त्या पिशवीत हात घालणाऱ्या माणसाचा विचार तिथे राहून गेलेला असतो.

मुक्या प्राण्याचे मोठे काम

मराठीत एखाद्याला गांडूळ म्हणणे ही शिवी आहे. कणा नसलेला, कोणीही पायाखाली घ्यावा असा, हा त्याचा अर्थ. निसर्गाच्या दरबारात मात्र या बिनकण्याच्या जिवाला फार वरचे आसन आहे. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनने आयुष्याच्या अखेरीस गांडुळांवर आख्खे पुस्तक लिहिले. ते १८८१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झाले. घरात कुंड्यांमध्ये गांडुळे ठेवून त्याने त्यांच्यावर उजेड टाकला, त्यांच्याजवळ वाद्ये वाजवून पाहिली. त्यांना ऐकू येत नाही, पण कंपने कळतात, हे त्याच्या लक्षात आले. जमिनीचा सुपीक थर गांडुळांच्या पोटातून पुन्हा पुन्हा जाऊन तयार होतो, हा त्याच्या निरीक्षणाचा गाभा होता.

आपल्या देशात चेन्नईच्या द न्यू कॉलेजमध्ये अध्यापन केलेले मृदाजीवशास्त्रज्ञ डॉ. सुलतान अहमद इस्माईल यांनी गांडुळांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. परदेशी जातींच्या मागे न धावता आपल्या मातीतल्या गांडुळांना कामाला लावावे, असा त्यांचा आग्रह राहिला. पुण्यात डॉ. उदय भवाळकर यांनी गांडूळशास्त्रासाठी संशोधन संस्था उभारली आणि शहरी कचऱ्याच्या संदर्भात हा विषय लोकांपुढे आणला.

गांडुळाला दात नाहीत, डोळे नाहीत, फुप्फुसे नाहीत. ते ओल्या कातडीने श्वास घेते. म्हणूनच कोरडे पडले की ते गुदमरते आणि पाण्यात बुडून राहिले तरीही मरते. अन्न दळण्यासाठी त्याच्या पोटात जात्यासारखा एक स्नायूचा भाग असतो. गिळलेले मातीचे बारीक कण त्या जात्यातले खडे होतात. साल आधी जिवाणू आणि बुरशी मऊ करतात, मग गांडूळ ती गिळते आणि मागे दाणेदार विष्ठा टाकते. तेच गांडूळ खत. प्रत्येक गांडूळ नरही असते आणि मादीही. तरी संततीसाठी बहुतेक जातींत दोन गांडुळे एकत्र यावी लागतात. आणि गांडूळ मधोमध कापले की त्याची दोन होतात, हा समज चुकीचा आहे.

पेटीसाठी सगळीच गांडुळे चालत नाहीत. पावसाळ्यात अंगणात दिसणारी, जमिनीत खोल बिळे करणारी गांडुळे पेटीत रमत नाहीत. पृष्ठभागावरच्या पाल्यापाचोळ्यात राहणारी गांडुळे लागतात. आयसेनिया फेटिडा ही तांबूस जात, आफ्रिकेतून आलेली युड्रिलस युजेनी आणि आपल्याकडची पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस या जाती खतासाठी वापरल्या जातात. कृषी विज्ञान केंद्रे, कृषी महाविद्यालये किंवा गांडूळ खताचे बेड असलेले शेतकरी यांच्याकडे ती वजनावर मिळतात.

पेटी कशी लावावी?

त्यासाठी फार खर्च लागत नाही. रंगाचा रिकामा डबा, भाजीचे जुने क्रेट, फुटक्या गळ्याचा रुंद माठ यांपैकी काहीही चालते. खोली फुटभर पुरे, रुंदी जास्त असावी. मातीचा माठ उन्हाळ्यात उत्तम, कारण तो पाझरतो आणि आतून गार राहतो. डबा असेल तर तळाला आणि बाजूंना गरम सळईने भोके पाडावीत. पेटी दोन विटांवर ठेवून खाली पसरट ताटली सरकवावी, म्हणजे जादा पाणी निथळून जाते.

तळाशी नारळाच्या शेंड्यांचा थर द्यावा. त्यावर वाळका पाला, पुठ्ठ्याचे तुकडे आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या पाण्यात भिजवून, पिळून अंथराव्यात. चकचकीत रंगीत कागद टाळावा. वरून दोन मुठी बागेतली माती आणि थोडे अर्धवट कुजलेले शेण किंवा जुने खत घालावे. ताजे शेण घालू नये, ते तापते आणि गांडुळे मरतात. हा सगळा बिछाना पाच-सात दिवस तसाच ओला ठेवून मगच गांडुळे सोडावीत. चार-पाच माणसांच्या घरासाठी पाव ते अर्धा किलो गांडुळांनी सुरुवात करता येते.

ओलावा किती असावा, याची परीक्षा सोपी आहे. बिछान्याची मूठ दाबली की एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर पाणी जास्त झाले, काहीच आले नाही तर कमी. पेटी सावलीत, हवा खेळेल अशा जागी ठेवावी. जिन्याखाली, मोरीच्या बाहेर, गॅलरीच्या कोपऱ्यात ती सहज मावते. पंधरा ते तीस अंश सेल्सिअस हे गांडुळांना मानवणारे तापमान. पस्तीसच्या वर गेले की त्यांचे हाल होतात. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात पेटीवर ओले गोणपाट टाकून दिवसातून दोनदा पाणी शिंपडणे भाग आहे. सध्या रमजान उन्हाळ्याच्या तोंडाशी येत असल्याने पेटी लावायला हा काळ सोयीचा आहे. कडक ऊन सुरू होईपर्यंत गांडुळे रुळतात.

काय घालावे, काय घालू नये?

इफ्तारच्या ताटातले बरेच काही गांडुळांना आवडते. केळ्यांची साले, पपई, खरबूज, चिकू आणि सफरचंदाच्या साली, भाजीचे देठ, पुदिन्याच्या काड्या, चहाचा धुतलेला चोथा, अंड्यांची वाळवून चुरलेली टरफले हे सगळे चालते. बागेतला वाळका पाला, कुंडीतली सुकलेली फुले, छाटलेले गवतही चालते. तुकडे जितके बारीक, तितके काम लवकर.

कलिंगडाच्या सालीत पाणी फार असते. ती थेट पेटीत टाकली तर पेटीचे डबके होते. म्हणून आधी तिचे बारीक तुकडे करून चाळणीत निथळू द्यावेत, एक दिवस सावलीत सुकवावेत आणि मग थोडे थोडे घालावेत. त्याहून बरे म्हणजे हिरव्या सालीखालचा पांढरा गर आधीच काढून त्याची भाजी करावी किंवा किसून थालीपिठात घालावा. पेटीचा क्रमांक स्वयंपाकघराच्या नंतरचा आहे. जे माणसाच्या पोटात जाऊ शकते, ते आधी तिथेच जावे.

लिंबू, मोसंबी, संत्र्याच्या साली अगदी थोड्या घालाव्यात, त्यांनी पेटी आंबट होते. पिळलेल्या लिंबांनी आधी भांडी घासून घ्यावीत. कांदा-लसणाची टरफले थोडीच, मिरची नाही. मटण, मासे, हाडे, दूध-दही, तळणाचे तेल, उरलेली बिर्याणी, हलीम, भजी, खारट-मसालेदार सालन यांतले काहीही पेटीत जाता कामा नये. त्याने दुर्गंधी सुटते, उंदीर येतात आणि मीठ-तेलाने गांडुळांची कातडी भाजते. शिजलेले अन्न उरले तर ते वेळेवर कोणाच्या तरी ताटात पोहोचले पाहिजे. हाडे ओल्या कचऱ्याच्या डब्यात, घंटागाडीकडे द्यावीत.

खजुराची बी हा रमजानचा खास प्रश्न आहे. ती इतकी टणक असते की गांडुळांच्या हाती लागत नाही, वर्ष झाले तरी खतात तशीच सापडते. मुलांना हौस असेल तर काही बिया भिजवून कुंडीत रुजवता येतात. उरलेल्या वेगळ्या ठेवाव्यात.

पेटीचाही रोजा

नव्याने पेटी लावणाऱ्या बहुतेकांची एकच चूक होते. प्रेमापोटी पेटीत फार घातले जाते. गांडुळे चांगल्या स्थितीत दिवसाला आपल्या वजनाच्या निम्म्यापर्यंत अन्न खाऊ शकतात. म्हणजे अर्धा किलो गांडुळांना रोज फार तर पाव किलो. सुरुवातीच्या दिवसांत त्याहूनही कमी. पहिल्या इफ्तारनंतर दोन किलो साली एकदम ओतल्या की त्या आतच सडतात, तापतात, चिलटे उठतात आणि आठवड्याभरात घरात भांडण होते. 'सांगितलं होतं ना, ही घाण नको म्हणून!'

अशा वेळी पेटी फेकायची नसते. तिला दोन-चार दिवस उपाशी ठेवायचे असते. सडके वरचे काढावे, हाताने हलकेच मोकळे करावे, वाळका पाला आणि कागदाच्या पट्ट्या मिसळाव्यात, झाकण थोडे उघडे ठेवावे. वास जातो. घास कमी आणि वेळेवर, मध्ये विसावा, हा नियम रोजेदाराच्या पोटालाही लागू आहे आणि पेटीलाही. दिवसभर रिकाम्या पोटी राहून मगरिबला तळलेल्या पदार्थांवर तुटून पडणाऱ्यांना जे होते, तेच पेटीला होते.

बाकीच्या अडचणी किरकोळ आहेत. चिलटे होऊ नयेत म्हणून प्रत्येक वेळी साली बिछान्यात पुरून वर सुक्या पाल्याची चादर द्यावी. लाल मुंग्या चढत असतील तर पेटी चार वाट्यांत पाणी घालून त्यावर उभी करावी. कोंबड्या, उंदीर, पाली यांपासून बचावासाठी जाळीचे झाकण लावावे. साऱ्या महिन्याचा कचरा एका पेटीत मावणार नाही, हेही आधीच समजून घेतलेले बरे. जे मावेल ते पेटीत, उरलेले वेगळे ठेवून ओल्या कचऱ्याच्या गाडीत. पेटीमुळे घरात एक सवय मात्र रुजते. ओले आणि सुके निवडताना हात आपोआप थांबतो.

दोन-तीन महिन्यांत पेटीतले रूप पालटते. साली ओळखू येत नाहीत. चहाच्या भुकटीसारखे काळसर, रवाळ खत तयार होते आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. तेव्हा तीन-चार दिवस पाणी बंद करावे, खताची उजेडात शंकूसारखी रास करावी. गांडुळे उजेड टाळून खाली जातात. वरचे खत काढत जावे, उरलेली गांडुळे नव्या बिछान्यात सोडावीत. लिंबाच्या आकाराचे, मोहरीहून थोडे मोठे, पिवळसर दाणे दिसले तर ती गांडुळांची अंडकोशे. ती फेकू नयेत, पुढची पिढी त्यात असते.

रमजानच्या पहिल्या चंद्रापासून बकरी ईदपर्यंत साधारण शंभर दिवस असतात. पहिल्या रोजाला लावलेली पेटी बकरी ईदपर्यंत तयार होते. सध्याच्या दिनमानात तो काळ पावसाच्या अलीकडचा, रोपे लावण्याचा. महिन्यातून एकदा मूठ-दोन मुठी खत कुंडीला पुरे. कढीपत्ता, पुदिना, मेंदी, मोगरा, मिरची यांना ते चांगले मानवते.

पाक-नापाकचा प्रश्न

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात एक शंका येतेच. किडे घरात ठेवायचे, त्यांना हात लावायचा आणि मग नमाजला उभे राहायचे? ही शंका हसण्यावारी नेऊ नये. मातीबद्दल इस्लामची भूमिका मात्र फार जिव्हाळ्याची आहे. पाणी मिळत नसेल तर स्वच्छ मातीने तयम्मुम करून नमाज अदा करता येते. माणूस मातीपासून घडवला गेला, असे कुरआन सांगतो, आणि शेवटी त्याला मातीच्याच स्वाधीन केले जाते. ज्या घरांत शेणाबद्दल संकोच असेल, तिथे बिछान्यात जुने खत किंवा बागेतली माती वापरून काम भागते. पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, हा तर साधा आरोग्याचा नियम आहे.

दुसरी गोष्ट दयेची. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाली आणि प्रत्येक जिवाशी केलेल्या भलाईचे फळ आहे, असे सांगणारी हदीस अनेकांना ठाऊक आहे. कुरआनच्या सूरह अन-नम्लचे नावच मुंगीवरून आहे. हजरत सुलेमान यांचे लष्कर येताना पाहून मुंगी आपल्या सोबतिणींना सावध करते आणि बादशहा ते ऐकून हसतो, असा प्रसंग तिथे आहे. हौसेने आणलेली गांडुळे उन्हात तडफडून मेली, तर तो हिशेब पेटी लावणाऱ्याच्या खाती जातो. म्हणून गावाला जायचे असेल तर पेटीची सोय आधी शेजाऱ्यांकडे लावावी.

वाटी रिकामी परत जात नाही

शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर एक रीत आठवावी. रमजानमध्ये इफ्तारची ताटे शेजारी जातात, दिवाळीत फराळाची ताटे येतात. मराठी घरांत, मग ते कोणत्याही धर्माचे असो, आलेले भांडे रिकामे परत करत नाहीत. काहीच नसेल तर त्यात चिमूटभर साखर घालतात. गांडूळ खताला ही रीत फार छान लागू पडते. पेटीतली गांडुळे काही महिन्यांत वाढतात, एका पेटीत मावेनाशी होतात. त्यातली मूठभर बिछान्यासकट शेजारच्या काकूंना दिली की त्यांची पेटी सुरू होते, तीही विकत न घेता. काकूंच्या तुळशीला खत मिळते, भाभींच्या मोगऱ्याला मिळते. देवघरातले निर्माल्य आणि दर्ग्यावरून आलेली फुले दोन्ही पायदळी जाऊ नयेत, ही दोन्ही घरांची इच्छा असते. दोरा, जर आणि प्लास्टिक काढून टाकले की दोन्ही फुलांना पेटीत सन्मानाने माती होता येते. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा आला आणि दुसऱ्याच दिवशी रमजान ईद. एका घरी कडुलिंबाची डहाळी आणि साखरगाठी, शेजारी शीरखुर्मा. अशा आठवड्यात गल्लीतला ओला कचरा दुप्पट होतो आणि तो उचलणारा माणूस एकच असतो.

रोप लावले आणि त्यातून माणसाने, पाखराने किंवा जनावराने काही खाल्ले, तर लावणाऱ्याला ते सदक्यासारखे फळ देते, असे हदीस सांगते. ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांच्यासाठी कुंडीही चालते. पुदिन्याची एक कुंडी, तिला घरचे खत, आणि पुढच्या रमजानला तिच्याच पानांची चटणी, इतके कोणत्याही गॅलरीत जमते.

ईदच्या सकाळी घंटागाडी घेऊन येणाऱ्या किंवा गल्ली झाडणाऱ्या कामगाराला शीरखुर्म्याची वाटी आणि ईदी देण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. त्याच्या हाती त्या दिवशी कचऱ्याची पिशवीही दिली जाते. ती हलकी असावी, तिच्यातून काळे पाणी गळू नये, आणि आत हात घालताना त्याला भीती वाटू नये. पहिल्या रोजाला पेटी लावली तर ईदपर्यंत एवढे नक्की जमते.